जंतू उगवण्याची वाट

पलीकडच्या क्वार्टरमधल्या सुनेच्या मोडलेल्या मांडीत मागच्या पावसाळ्यात सळई घातली. आता तिच्या टाक्यातून पाणी झिरपतं. ती मला विचारायला येते आणि मी नुसती मान हलवते. मला चौघींत बोलता येत नाही, एकीसमोरही नीट येत नाही. चौथीपर्यंत लिहायला शिकले होते, म्हणून लिहून ठेवते आहे. तिला वाचायला द्यायचं की पेटीत ठेवायचं, ते मागाहून बघेन.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे घाबरत वाचायला नको. माझा पाय राहिला. थोडा आखूड आहे, लांब चालले की दुखतो, पण माझाच आहे.

*

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता, रस्ते कमी आणि खणलेले चर जास्त. काल जिथून गेलो तिथे आज चर असायचा. दळण घेऊन कोहका गावाकडून येताना मी पाइपासाठी खणलेल्या चरात पडले. डाव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं आणि लाल मुरूम जखमेत भरला. इस्पितळात जखम धुऊन हाडावर लोखंडाची पट्टी बसवली, स्क्रू आवळले, टाके घातले. काही आठवड्यांनी मी घरी आले. काठी घेऊन चुलीपर्यंत जाऊ लागले. वाटलं, संपलं.

मग जुन्या टाक्यापाशी एक पुळी आली. लहानशी, मुगाएवढी. ती फुटली, सुकली, पुन्हा आली. मी वर कडुलिंबाचा पाला बांधायची आणि लुगडं खाली ओढून घ्यायची. नडगी परक्या पुरुषाला पुन्हा दाखवायची म्हणजे माझ्या जिवावर यायचं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. माझा पाय मोडल्यापासून त्या तुमसरकडचं शेत दिरावर सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. धुणं धुताना त्यांनी मला हाक मारली.

"हे काय वं लुगड्याले?"

"काही नाही आत्याबाई. हळद सांडली."

"हळद असा वास कावून मारते मंग?"

 त्यांनी हात पुसले, माझं लुगडं वर केलं आणि पाहिलं. ओरडल्या नाहीत. आत जाऊन यांना म्हणाल्या, "आज ड्यूटी सोड. हिले दवाखान्यात घेऊन जा."

आमचे हे रेल्वेत फायरमन. म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. त्यांनी ड्यूटी सोडली, असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं.

*

डॉक्टर मद्रासकडचे होते. त्यांची हिंदी आमच्या हिंदीहून कच्ची, त्यामुळे ते सावकाश बोलायचे आणि मला सगळं कळायचं. त्यांनी माझ्या पायाचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरला. त्यात लोखंडाची पट्टी पांढरी दिसत होती. एका स्क्रूभोवती काळी कड होती, नखाच्या कडेसारखी.

"इधर जंतु बैठा है," ते म्हणाले. "लोहे के ऊपर।"

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. मांसात जंतू शिरले तर रक्त तिथवर औषध पोचवतं. पण लोखंडात रक्त नाही. जंतू पट्टीला चिकटून बसले की औषध त्यांच्यापर्यंत नीट जात नाही. पट्टी काढली तर जंतूंची जागाच जाईल. पण माझं हाड अजून जुळलेलं नव्हतं. आता काढली असती तर पाय फांदीसारखा लोंबला असता. म्हणून हाड जुळेपर्यंत जंतूंना औषधाने दाबून धरायचं होतं, आणि त्यासाठी ते कोणत्या जातीचे आहेत आणि कोणत्या औषधाला भितात, हे कळायला हवं होतं. पेनिसिलिनला ते भीत नव्हते, ते तर दिसतच होतं.

यांनी विचारलं, "और नहीं मालूम हुआ तो?"

डॉक्टर माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघत होते. त्यांनी आपल्या गुडघ्याच्या खाली हाताची कड ठेवली, कापल्यासारखी.

त्या दिवशी जेवणात काय होतं, कोणी काय म्हटलं, मला आठवत नाही. तो हात तेवढा आठवतो.

*

मला वॉर्डात ठेवून घेतलं. सकाळी फिनाईलने फरशी, मग ताप बघणं, मग मलमपट्टी बदलणं, मग दुपारची भेटीची वेळ. शेजारच्या खाटेवर फुलबासन होती. ती छत्तीसगडी, बांधकामावर गिलाव्याच्या पाट्या वाहायची. परांचीवरून पडून तिचा हात मोडला होता. माझ्या पायात लोखंड आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "कारखाना मा लोहा अभी निकले नइ हे, अउ तोर गोड़ मा पहिली आ गे."

कारखान्यात लोखंड निघायच्या आधी माझ्या पायात आलं. सगळा वॉर्ड हसला. मीही पदर तोंडाशी धरून हसले. आजारात हसू आलं की आपण जिवंत आहोत असं वाटतं. ती एका हाताने माझी वेणी घालायची, दुसरं टोक मी धरायची. आम्हां दोघींची मिळून एक वेणी व्हायची.

पहिल्यांदा जखमेच्या तोंडाशी कापूस फिरवून पू घेतला. तपासायची सोय नागपूरला होती, तिकडे पाठवला. उत्तर आलं की चार जातींचे जंतू आहेत. डॉक्टर खूश झाले नाहीत. म्हणाले, दारात उभे असतात ते सगळे घरातले नसतात. कोणी कातडीवरचे, कोणी पाल्याबरोबर आलेले. मला आत राहणारा पाहिजे.

तेव्हापासून मी पाला, हळद काही लावलं नाही. तूही लावू नकोस.

आतला पकडायचा तर दोन आठवडे सगळी इंजेक्शनं बंद. औषध अंगात असलं की जंतू दडून बसतात, नागपूरच्या तपासणीत उगवून दिसत नाहीत. हे दोन आठवडे सगळ्यांत वाईट. आजार असताना औषध नाही घ्यायचं, हे मनाला पटत नाही. पाय रोज थोडा जास्त तापायचा, आणि मी सिस्टरकडे सुई मागायची नाही म्हणून दात आवळून पडायची.

त्यात एकदा आत्याबाईंचे भाऊ आले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते नागपूरला राहतात. मी डोळे मिटून होते. त्यांना वाटलं झोपली.

"बाई, पाय गेला तर पोराचं कसं होईन? तरणाताठा हाय थो. आताच इचार करून ठेव. हिले माहेरी पाठवू, दुसरं पाहू."

मी आत्याबाईंच्या उत्तराची वाट पाहिली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने डबा आवरल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले नाहीत. न बोलणं म्हणजे होच, असं मी धरून चालले.

*

दोन आठवडे झाल्यावर मला टेबलावर घेतलं आणि पट्टीच्या अगदी कडेपर्यंत जाऊन आतला तुकडा काढला. तो काचेच्या नळीत घातला, कापसाचं बूच लावलं, वरून चिकटपट्टी. नळी नेणारा इस्पितळाचा माणूस रजेवर होता. हे म्हणाले, मी नेतो. गोंदियापर्यंत माझीच गाडी आहे, पुढे नागपूरला बसून जाईन. डॉक्टरांनी बजावलं, "बर्फ में नहीं रखना। ठंडा नहीं होने देना।"

काही दिवसांनी हे भेटीच्या वेळेआधीच वॉर्डात आले. हातात पेढ्यांचा पुडा. सिस्टरला दिला, फुलबासनला दिला, पलीकडच्या म्हातारीला दिला. मला म्हणाले, "काहीच नाही निघालं. एकही जंतू उगवला नाही. तुह्या पायात काही नाही आता."

माझ्या पायातून तेव्हाही पू येत होता. पण यांचा चेहरा बघून मी पेढा खाल्ला.

डॉक्टर आले, त्यांनी नागपूरचा कागद वाचला, माझी जखम सोडून पाहिली. पेढा घेतला नाही. यांना विचारलं, "नळी कशी नेली?"

यांनी अभिमानाने सांगितलं. इंजिनात भट्टीच्या दाराच्या वर एक फळी असते. चहाची किटली आणि जेवणाचा डबा तिथे ठेवतात, म्हणजे गरम राहतो. आपला डबा खाली काढून ठेवला आणि त्या जागी नळी ठेवली, कापडात गुंडाळून. गोंदियापर्यंत जराही थंड होऊ दिली नाही.

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "आपने तो उसको पका दिया।"

यांना आधी कळलं नाही. मग कळलं, जंतू भट्टीच्या धगीने नळीतच मेले होते. हे खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. पुड्यात पेढे उरले होते, ते कोणी खाल्ले नाहीत.

मला राग आला का, असं तू विचारशील. पुन्हा टेबलावर जायचं म्हणून रडू आलं, ते खरं. पण रागावता आलं नाही. त्या दिवशी यांनी थंड भाकर खाल्ली होती. इंजिनावर जी एक चांगली जागा यांच्या वाट्याला होती, ती माझ्या नळीला दिली होती.

*

आता वेळ कमी होता. औषध अजून बंदच होतं, आणि ताप चढू लागला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा. त्यानंतर मी थांबू शकत नाही.

नळी कोणी न्यायची? हे दाराशी उभे होते. म्हणाले, "माह्या हाताले यश नाही. मी शिवत नाही आता."

आत्याबाई खाली बसल्या होत्या, म्हणाल्या, "मले द्या. मी घेऊन जातो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. आत्याबाईंना दवाखान्याचा विटाळ फार. इथून घरी गेल्या की डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय चुलीकडे जायच्या नाहीत. माझ्या जखमेचे कपडे काठीने उचलायच्या.

"आई, त्यात पू हाये," हे म्हणाले.

"मले का दिसत नाही का? डॉक्टरले इचार, किती गरम पाहिजे."

डॉक्टरांनी आपल्या छातीवर हात ठेवला. अंग गरम असतं तितकंच. जास्त नाही, कमी नाही.

आत्याबाईंनी नळी घेतली, कापडाच्या धडप्यात बांधली आणि लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी खोचली. वरून पदर घट्ट आवळला. "लेकरू पोटात असलं का एवढंच गरम असते," असं म्हणून त्या निघाल्या.

पुढचं मला त्यांनी थोडं सांगितलं आणि थोडं नंतर बाहेरून कळलं. अंगाशी पू आहे म्हणून त्यांनी नागपूरपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. विटाळात खायचं कसं? गाडीत जागा होती तरी आडव्या झाल्या नाहीत, नळी दबेल म्हणून. आणि नागपूरला भाऊ असून त्या त्याच्या घरी उतरल्या नाहीत. स्टेशनवरच्या मुसाफिरखान्यात राहिल्या. तिथल्या नळावर आंघोळ करायच्या, फुटाणे खायच्या आणि तपासणीच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसायच्या.

तिथल्या माणसाने सांगितलं, "आजी, कागद टपालाने जाईल. तुम्ही घरी जा."

"मले पाहून जायचं हाये."

"काय पाहणार?"

"काय उगवते थे."

*

त्या परत आल्या तेव्हा भेटीची वेळ होती. हे माझ्या पायाशी स्टुलावर बसले होते. आत्याबाईंनी आधी कागद डॉक्टरांना नेऊन दिला, मग खाली बसल्या.

"उगवलं," त्या म्हणाल्या.

यांनी मान वर केली नाही.

"आयक ना बापा, उगवलं. काचेची बशी राह्यते. तिच्यात लाल लाल असं, रक्ताचं थिजलेलं. त्याच्यावर त्यानं तुकडा घासला. दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं मोहरीएवढे पिवळे दाणे. सगळे एका जातीचे. दुसरं तण नाही काही."

फुलबासनला मराठी कळायचं नाही, तरी ती उठून बसली होती.

"मंग दुसऱ्या बशीत त्यानं कागदाच्या टिकल्या ठेवल्या. टिकलीले औषध लावलेलं. पेनिसिलिनच्या टिकलीले हे दाणे अगदी चिकटून उगवले, त्याईले काही फरक नाही. पण एक टिकली होती, तिच्या चारही बाजूनं मोकळं. एक दाणा जवळ नाही आला." त्यांनी बोटाने फरशीवर गोल काढून दाखवला. "थे औषध हिचं."

सिस्टर थांबून ऐकत होती. आत्याबाईंनी यांच्याकडे पाहिलं.

"तू कावून रडून राहिला? रडायचं थे हिनं."

मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून म्हणाल्या, "तुह्या मामाजीले त्या दिवशी मी उत्तर नाही देल्लं. दवाखान्यात भांडण नको म्हणून. स्टेशनावर सोडाले गेली तवा देल्लं."

"काय म्हणालात?"

"थे सुनेले सांगासारखं नाही."

फुलबासनने विचारलं, म्हातारी काय म्हणते.  मी पदर तोंडावर घेतला. इतके दिवस मी त्या एका न बोलण्याने मनातल्या मनात माहेरची पेटी भरत होते.

*

ते औषध म्हणजे कॅपसूल. नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पोटात आग पडायची, तोंडाला चव नसायची, पण पायाची धग उतरली. पू पाण्यासारखा झाला, मग कमी झाला. पूर्ण थांबला नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. हाड जुळायची वाट बघायची. मी घरी गेले, आले, पुन्हा गेले. दरवेळी फोटो खिडकीत धरायचे आणि मी डॉक्टरांच्या भुवयांकडे बघायची. थंडी संपता संपता त्या भुवया सैल झाल्या. हाड जुळलं होतं.

दोन आठवडे कॅपसूल बंद ठेवून मग लोखंडाची पट्टी काढली. बोटभर रुंद, मधे भोकं. एवढ्याशा वस्तूसाठी एवढं सगळं. डॉक्टरांनी पट्टीच्या खालचं खरवडून पुन्हा नळीत घातलं. लोखंड गेलं तरी हाडात काही दडलं आहे का, हे बघायचं होतं. असेल तर पुन्हा कापणं, आणि पुन्हा तोच गुडघ्याखालचा हात. नसेल तर सुटले.

सिस्टरने विचारलं, माताजी जाणार का? आत्याबाई उठू लागल्या.

मी डॉक्टरांसमोर आपणहून कधी बोलले नव्हते. विचारलं तेवढं सांगायचं, तेही यांच्याकडे बघून. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "ये लेके जाएँगे।"

हे म्हणाले, "मी नाही."

"तुम्हीच न्या."

"पुन्हा काही चुकलं तं?"

"तुम्हीच न्या," मी म्हटलं.  मला वाटत होतं, या माणसाने नळी नेली नाही तर माझा पाय बरा होईल, पण हे बरे होणार नाहीत.

आत्याबाई पुन्हा खाली बसल्या. यांनी नळी बनियनच्या आत, छातीशी ठेवली, वर शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. रजा टाकून गेले. इंजिनावर चढले नाहीत, डब्यात बसून गेले.

या वेळी लवकर परत आले नाहीत. तिथल्या माणसाने नळी आठवडाभर उबेला ठेवली. काही जंतू आळशी असतात, उशिरा उगवतात. यांनी तोवर नागपूर सोडलं नाही. परत आले ते भर दुपारी, आणि वॉर्डात न येता आधी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"कुछ नहीं उगा, साहब। मगर सच में नहीं है, या मेरे से फिर मर गया?"

कागद उलटल्याचा आवाज आला. डॉक्टर सावकाश बोलले. नागपूरच्या माणसाने त्याच लाल जेलीवर दुसऱ्या एका रोग्याचे जंतू लावून पाहिले होते. ते उगवले. जेली चांगली होती. नळीही अंगाशी नेल्यामुळे नीट पोचली होती. तुमच्या बायकोच्या हाडात आता काही नाही.

हे आत आले. माझ्या खाटेपाशी स्टूल ओढलं, बसले. शर्टाची बटणं अजून गळ्यापर्यंत लावलेली होती.  डोकं माझ्या अंथरुणाच्या कडेवर टेकलं आणि तसेच झोपून गेले, सगळ्या बायकांच्या देखत, तोंड उघडं टाकून.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. सिस्टर पुरुषांना बाहेर काढत काढत आमच्या खाटेशी आली. मी एक हात वर करून तिला थांबवलं. दुसरा यांच्या डोक्यावर होता. तो मी काढला नाही.

सिस्टर क्षणभर थांबली आणि पुढच्या खाटेकडे गेली.